घरगुती सर्व्हर

घरगुती सर्व्हर म्हणजे घरातील किंवा एखाद्या लहान संस्थेतील संगणकांना, मोबाइल संचांना व दूरचित्रवाणी संचांना स्थानिक जाळ्यावरून फाइली, छायाचित्रे, चित्रफिती व अन्य सेवा पुरविणारा आणि बहुधा अहोरात्र चालू ठेवला जाणारा संगणक होय. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागतेच असे नाही. तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पायपासून कार्यालयातून निवृत्त झालेल्या जुन्या संगणकापर्यंत कोणतेही यंत्र हे काम करू शकते. मात्र एकदा सुरू केल्यावर ज्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही असा हा संगणक असल्याने त्याच्या निवडीत वेगापेक्षा विश्वसनीयतेला अधिक महत्त्व आहे. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. त्यावर साठविलेली एकमेव प्रत गेली तर ती कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

प्रस्तुत लेखात अशा सर्व्हरची यंत्रसामग्री व साठवणसाधने यांच्या निवडीचा विचार केला आहे. उदाहरणे शक्यतो महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यासारख्या उष्ण हवेच्या आणि वीजदाबात चढउतार होणाऱ्या प्रदेशातील घेतली आहेत.

पार्श्वभूमी

चुंबकीय हार्ड डिस्कचा व्यापारी वापर आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये सुरू केला. त्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलमधील एक-दोन छायाचित्रांत तेवढी जागा संपते. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांतून एक भरवशाची साठवण उभी करावी, ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडली. तिलाच पुढे ‘रेड’ हे नाव रूढ झाले.

घरासाठी स्वतंत्र सर्व्हर असावा, ही कल्पना सामान्य ग्राहकापुढे ठळकपणे आली ती मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००७ मध्ये जाहीर केलेल्या ‘विंडोज होम सर्व्हर’मुळे. त्याच वर्षाअखेरीस या प्रणालीत एक गंभीर दोष आढळला. सर्व्हरमध्ये एकाहून अधिक डिस्क असताना काही विशिष्ट प्रोग्रामांतून सर्व्हरवरील फाइल थेट संपादित केली, तर ती फाइल दूषित होण्याची शक्यता होती. कंपनीने दोष मान्य केला, परंतु दुरुस्ती हाती येण्यास २००८ चा जुलै उजाडला. फाइली सुरक्षित राहाव्यात म्हणून घेतलेले साधनच फाइली बिघडवू शकते, हा या प्रकरणाचा धडा आजही लागू आहे.

सिनॉलॉजी (स्थापना २०००) व क्यूनॅप (स्थापना २००४) या तैवानी कंपन्यांनी डिस्क बसविण्यापुरते तयार खोके विकण्यास सुरुवात केली. अशा खोक्याला ‘नॅस’ म्हणतात. भारतात या विषयाकडे अनेकांचे लक्ष वळले ते १ जून २०२१ नंतर. त्या दिवसापासून गूगल फोटोजने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि नवी छायाचित्रे १५ गीगाबाइटांच्या सामाईक मर्यादेत मोजली जाऊ लागली.

काय साठवायचे आहे

यंत्र निवडण्यापूर्वी साठवणीचा हिशेब करावा लागतो. मोबाइलवरील एक छायाचित्र साधारण ३ ते ५ मेगाबाइटांचे धरल्यास १०,००० छायाचित्रांना ४० गीगाबाइटांच्या आसपास जागा पुरते. चित्रीकरण मात्र जागा खाते: पूर्ण एचडी दर्जाच्या एका तासाच्या चित्रणास ६ ते ८ गीगाबाइट सहज लागतात आणि ‘फोर के’ दर्जाला त्याच्या दुपटी-तिपटीने अधिक. सातबारा उतारे, गुणपत्रके, दाखले, खरेदीखते यांच्या स्कॅन केलेल्या प्रती सर्वांत महत्त्वाच्या असूनही सर्वांत कमी जागा घेतात. म्हणून बहुतेक कुटुंबांची खरी गरज २ ते ४ टेराबाइटांच्या आत असते. दुकानदार मोठी डिस्क सुचवितो तेव्हा हा आकडा जवळ असलेला बरा.

डिस्कवर छापलेली क्षमता दशमान पद्धतीची असते. १ टेराबाइट म्हणजे १ या अंकावर १२ शून्ये इतके बाइट; विंडोज प्रणाली त्याच डिस्कची क्षमता १,०२४ च्या पटीत मोजून ९३१ गीगाबाइट अशी दाखविते. यात फसवणूक नसते, परंतु दोन डिस्कांची क्षमता जुळविताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

जतनाचे मोल आकाराने ठरत नाही, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे जात्यावरील ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बेर्नार बेल या संगणकतज्ज्ञ संगीताभ्यासकाने मजकूर व ध्वनिमुद्रणे यांची संगणकीय मांडणी केली आणि २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून प्रसिद्ध होऊ लागला. गिरण्या आल्यावर जाती थांबली; त्या ओव्या गाणाऱ्या अनेक स्त्रिया आता हयात नाहीत. अशा संग्रहाचा सर्व मजकूर आजच्या एका पेन ड्राइव्हवर मावेल. आणि केवळ एका पेन ड्राइव्हवर असेल तर तो एका दिवसात नाहीसाही होईल. घराघरांत आजीच्या आवाजाची जी मुद्रणे मोबाइलमध्ये पडून असतात त्यांची स्थिती याहून निराळी नाही.

शाळा व ग्रंथालये यांच्यासाठी सर्व्हरचा आणखी एक उपयोग आहे. ‘किविक्स’ या मुक्त प्रोग्रामाच्या साहाय्याने मराठी विकिपीडियासह अनेक ज्ञानसंग्रह इंटरनेटविना स्थानिक जाळ्यावर वाचता येतात. त्यासाठी लहानसे रास्पबेरी पायही पुरते.

संगणकाची निवड

चार मार्ग प्रचलित आहेत: रास्पबेरी पायसारखा एकपाटी संगणक, नवा किंवा वापरलेला मिनी पीसी, तयार नॅस आणि स्वतः जुळविलेला डेस्कटॉप.

रास्पबेरी पाय (पहिली आवृत्ती फेब्रुवारी २०१२) अल्प विजेवर चालतो. त्याची दुर्बल बाजू म्हणजे मेमरी कार्ड. संगणकप्रणाली सतत लहानसहान नोंदी लिहीत असते आणि अशा लेखनासाठी ही कार्डे बनविलेली नसतात. अचानक वीज गेल्यास ती वाचताच येईनाशी होतात. प्रणाली एसएसडीवर ठेवल्यास ही अडचण बरीच दूर होते. शिवाय यूएसबी केबलने जोडलेल्या डिस्कला पुरेशी वीज न मिळाल्यास ती मध्येच ‘गळते’. डिस्कला स्वतःचा पॉवर सप्लाय असणे हाच त्यावर उपाय.

कंपन्यांनी भाडेपट्टा संपल्यावर विकलेले लेनोवो, डेल व एचपी यांचे छोटे कार्यालयीन संगणक हा पैशांच्या दृष्टीने बहुधा सर्वांत समंजस पर्याय आहे. ते दिवसभर चालण्यासाठीच बांधलेले असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि काम नसताना ते १० ते १५ वॅट वीज घेतात. त्यांत साडेतीन इंची डिस्क मात्र बसत नाही. दोन किंवा अधिक मोठ्या डिस्क हव्या असतील तर तयार नॅस अथवा डेस्कटॉप पेटी यांकडे वळावे लागते. तयार नॅस वापरण्यास सुलभ असतो, पण त्याचे मुख्य यंत्र बिघडल्यास त्यातील डिस्क दुसऱ्या कंपनीच्या खोक्यात सहसा वाचता येत नाहीत. लिनक्स संगणकावर त्या वाचणे अनेकदा शक्य असते, तरी ते जाणकाराचे काम आहे.

अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात वीजखर्च हा किमतीचाच भाग समजावा. १० वॅटचा संगणक वर्षभरात ८७.६ युनिट वीज घेतो. ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ५२५.६ युनिट. युनिटला ८ रुपये धरल्यास हा खर्च अनुक्रमे ७०० व ४,२०० रुपयांच्या घरात जातो. फुकट मिळालेला जुना डेस्कटॉप तीन-चार वर्षांत नव्या मिनी पीसीइतका महाग पडतो, तो असा.

रॅमच्या बाबतीत ‘ईसीसी’ हा शब्द वारंवार भेटतो. या प्रकारची रॅम एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते व दोन बिटांची चूक निदान ओळखते. गूगल व टोरांटो विद्यापीठ यांच्या २००९ मधील अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम पट्ट्यांमध्ये अशा चुका नोंदल्या गेल्या. ईसीसी असणे चांगलेच; तथापि त्यासाठी मदरबोर्ड व प्रोसेसर दोन्ही अनुकूल लागतात. मर्यादित पैशांत ईसीसी रॅम की बॅकअपसाठी दुसरी डिस्क असा प्रश्न आल्यास दुसरी डिस्क घ्यावी.

हार्ड डिस्क

हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरून वाचनशीर्ष काही नॅनोमीटर अंतर राखून फिरते. हे अंतर धुळीच्या कणाहून कितीतरी कमी असल्यामुळे धक्का, पडणे व चालू असताना हलविणे हे डिस्कचे मोठे शत्रू होत. जड कपाटावर, फ्रिजच्या पाठीशी किंवा पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या भिंतीवर सर्व्हर ठेवू नये.

विकत घेताना पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे लेखनपद्धती. ‘सीएमआर’ पद्धतीत चुंबकीय पट्टे एकमेकांशेजारी असतात. ‘एसएमआर’ पद्धतीत ते छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढविलेले असतात. कौल बदलायचे झाले तर वरचीही उचलावी लागतात, तसेच येथे एक पट्टा बदलताना शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे एसएमआर डिस्क एकदा लिहून ठेवण्यास योग्य असली तरी सततच्या लेखनात अतिशय मंद होते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टेराबाइटांच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असून तसा उल्लेख माहितीपत्रकात नसल्याचे उघड झाले. बिघडलेल्या डिस्कच्या जागी अशी डिस्क बसविल्यावर पुनर्बांधणी दिवसेंदिवस लांबण्याचे किंवा अर्ध्यात सुटण्याचे अनुभव आले होते. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. नावावर विसंबू नये. मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या तक्त्यात पद्धत पाहावी.

कोणती डिस्क किती टिकेल हे सांगता येत नाही, पण समूहाविषयी बरीच माहिती आहे. बॅकब्लेझ ही अमेरिकी साठवण कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांच्या बिघाडाची आकडेवारी प्रसिद्ध करते. तीत वार्षिक बिघाडाचे एकूण प्रमाण साधारण १ ते २ टक्क्यांदरम्यान राहिले आहे. मॉडेलागणिक मात्र मोठा फरक पडतो. म्हणून ‘अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या मतांना फारसा आधार नाही.

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या व्यवस्थेत ठेवते. तिच्यातील ५, १९७ व १९८ या क्रमांकांच्या नोंदी खराब झालेल्या जागांविषयी असतात. त्या शून्यावरून वाढू लागल्या तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. १९९ ही नोंद वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो आणि शंभर रुपयांत काम भागते. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली पृष्ठभाग-चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत त्या डिस्कच्या बिघाडाची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असे त्यात दिसले. परंतु त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान सोडल्यास, कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. स्मार्टची नोंद वाईट असेल तर विश्वास ठेवावा. चांगली असेल तर निश्चिंत होऊ नये.

एसएसडी

फ्लॅश स्मृतीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ती धक्के सोसते, कमी तापते व वेगवान असते. तिच्या एका पेशीत किती बिट ठेवले आहेत यावर टिकाऊपणा अवलंबून असतो: टीएलसी प्रकारात ३ व क्यूएलसी प्रकारात ४. बिट वाढले की किंमत उतरते आणि लेखनाचे आयुष्यही. सर्व्हरच्या प्रणालीसाठी टीएलसी घ्यावी आणि हमीपत्रकात ‘टीबीडब्ल्यू’ म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येतील हा आकडा पाहावा.

एक बाब मराठवाड्यात विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. फ्लॅश पेशीतील विद्युतभार वीज नसताना हळूहळू ओसरतो आणि उष्णतेत तो अधिक वेगाने ओसरतो. ‘जेडेक’ या मानक संस्थेनुसार लेखनाचे आयुष्य पूर्ण झालेल्या सामान्य एसएसडीने ३० अंश सेल्सिअस तापमानात, विजेविना, एक वर्ष मजकूर राखला पाहिजे. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ राखते. तरीही बॅकअप घेऊन पत्र्याखालच्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देण्यासाठी एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह योग्य नाही. त्या कामी हार्ड डिस्कच बरी, आणि तीही वर्षातून एक-दोनदा चालवून पाहावी.

रेड आणि त्याच्या मर्यादा

रेड १ मध्ये दोन डिस्कांवर तंतोतंत एकच मजकूर लिहिला जातो. एक गेली तरी दुसरी काम चालविते. रेड ५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात व एक बिघडलेली चालते. रेड ६ मध्ये किमान चार लागतात व दोन बिघडलेल्या चालतात. रेड ० मध्ये मजकूर विभागून लिहिला जात असल्याने एक डिस्क गेली की सर्वच जाते. नाव रेड असले तरी घरी तो वापरण्याचे कारण नाही.

मोठ्या डिस्कांच्या काळात रेड ५ वर टीका होते. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्ये इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक असे प्रमाण दिलेले असते. म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइट वाचल्यावर एक. पुनर्बांधणीच्या वेळी उरलेल्या सर्व डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि नेमकी तेव्हाच अशी चूक भेटू शकते. प्रत्यक्षात डिस्क या आकड्याहून चांगल्या वागतात, तरी धोका खरा आहे. दुसरा धोका विजेचा. लेखन चालू असताना वीज गेली तर रेड ५ मधील मजकूर व त्याची पडताळणी यांत विसंगती राहू शकते. भारनियमनाच्या प्रदेशात यूपीएसविना रेड ५ चालविणे म्हणून अविचाराचे ठरते. घरासाठी दोन डिस्कांचा रेड १ पुरेसा असतो, आणि त्यातील एकच डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर वाचण्याची सोय राहते.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक व मॅथ्यू आरेन्स यांनी विकसित केलेली झेडएफएस आणि ख्रिस मेसन यांनी सुरू केलेली बीटीआरएफएस या फाइलप्रणाली प्रत्येक खंडाची पडताळणी-बेरीज ठेवतात. त्यामुळे डिस्कने काहीही तक्रार न करता बदललेला मजकूरही त्यांना ओळखता येतो व दुसरी प्रत असल्यास दुरुस्त करता येतो. बीटीआरएफएसमधील रेड ५ व ६ प्रकार मात्र तिच्या विकासकांनीच महत्त्वाच्या कामासाठी वर्ज्य सांगितले आहेत.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कांवरून तत्परतेने पुसतो. चोरी, आग, विजेचा लोळ किंवा खंडणीखोर व्हायरस यांच्यापुढे त्याचा काही उपयोग नाही.

बॅकअप

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम सर्वत्र सांगितला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत अन्य ठिकाणी. अन्य ठिकाण म्हणजे शेजारची खोली नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहरातील जुन्या ग्रंथालयात पाणी शिरून हजारो पुस्तके भिजली. त्याच इमारतीत ठेवलेली दुसरी प्रतही भिजलीच असती. आखाडा बाळापूरच्या कुटुंबातील मुलगा किंवा मुलगी नांदेडला वा पुण्याला शिकत असेल तर तिसरी प्रत तेथे ठेवणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. प्रत कूटबद्ध करावी आणि तिचा पासवर्ड घरातील निदान दोघांना ठाऊक असावा. एकाच व्यक्तीला माहीत असलेला पासवर्ड तिच्याबरोबरच जातो.

पहिली मोठी प्रत इंटरनेटवरून पाठवू नये. ५० मेगाबिट वेगाने १ टेराबाइट चढविण्यास सुमारे ४४ तास अखंड जोडणी लागते. डिस्क पिशवीत घालून एसटीने नेणे अधिक जलद. पुढील रोजची लहानशी भर तेवढी जाळ्यावरून पाठवावी.

बॅकअप घेतला म्हणजे काम संपले असे नाही. तीन महिन्यांतून एकदा त्यातील काही फाइली वेगळ्या संगणकावर परत काढून उघडून पाहाव्यात. मराठी नावांच्या फाइलींबाबत हे विशेष गरजेचे, कारण जुनी साधने देवनागरी नावे मोडतात. शिवाय युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी फॉन्टांत टंकलेला मजकूर त्या फॉन्टाविना वाचताच येत नाही. अशा दस्तऐवजांबरोबर फॉन्टाची फाइल व एक पीडीएफ प्रत जपावी.

वीजपुरवठा

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असा ठरलेला आहे. ग्रामीण भागात रब्बीच्या दिवसांत कृषिपंप सुरू होताच दाब बराच उतरतो. गावठाण व शेतीचे फीडर वेगळे केलेल्या गावांत हा त्रास कमी असतो. १०० ते २४० व्होल्टांवर चालणारा पॉवर सप्लाय कमी दाब सहज सोसतो. खरा घातक प्रकार रोहित्रावरील न्यूट्रल तुटण्याचा: तेव्हा घरात ४०० व्होल्टांपर्यंत दाब येऊ शकतो आणि फ्रिजपासून राऊटरपर्यंत सर्व काही जळते. जादा दाबाला पुरवठा तोडणारे उपकरण मीटरनंतर बसविणे हा त्यावरील उपाय असून त्याचा खर्च एका डिस्कपेक्षा कमी येतो.

यूपीएस निवडताना ‘लाइन-इंटरॅक्टिव्ह’ प्रकार घ्यावा. तो कमी दाब उचलून घेतो. ६०० व्हीए असे लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॅटच देतो. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास ऊर्जा असते. तूट वजा जाता मिनी पीसी व राऊटर मिळून ३० वॅटच्या भारास ती साधारण तासभर पुरते. उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून दोन-तीन वर्षांनी ती बदलण्याची तयारी ठेवावी. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून ‘नट’ हा प्रोग्राम चालविल्यास बॅटरी संपत येताच सर्व्हर स्वतःहून रीतसर बंद होतो. यूपीएसचा मुख्य उपयोग हाच आहे, तासन्‌तास चालवीत राहणे हा नव्हे.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरील ‘यूपीएस’ व ‘साधा’ असे बटण पाहावे. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस स्थितीतील इन्व्हर्टर त्याच्या आत बदल करतो. साध्या स्थितीतील करीत नाही आणि संगणक पुन्हा सुरू होतो.

अर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल जाते. एप्रिल-मे महिन्यांत त्यात पाणी घालणे हा जुना उपाय आजही खरा आहे. न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब २-३ व्होल्टांहून अधिक भरल्यास वायरमनकडून तपासणी करवावी. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा धोका केवळ विजेच्या तारेतून नव्हे, तर तांब्याच्या केबल किंवा डिशच्या वायरीतूनही येतो. फायबर केबलच्या काचेतून वीज वाहत नाही, हा तिचा अनपेक्षित लाभ.

उष्णता व धूळ

हिंगोली जिल्ह्यात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. साध्या हार्ड डिस्कची कमाल मर्यादा बहुधा ६० अंश, तर नॅससाठीच्या अनेक डिस्कांची ६५ अंश असते. बंद पेटीतील डिस्क खोलीपेक्षा १० ते १५ अंशांनी तापलेली असते हे पाहता उन्हाळ्यातील दुपारी फारसे अंतर उरत नाही. वर उल्लेखिलेल्या गूगलच्या अभ्यासात मध्यम तापमानाचा बिघाडाशी संबंध क्षीण आढळला होता, परंतु ती आकडेवारी वातानुकूलित केंद्रांतील होती; पत्र्याच्या खोलीला ती लावू नये. सर्व्हर खालच्या मजल्यावर, जमिनीपासून फूटभर उंच, वारा खेळेल अशा जागी ठेवावा. देवघराशेजारी नको, कारण उदबत्तीचा धूर पंख्याच्या पात्यांवर चिकट थर धरतो. सोयाबीनच्या मळणीनंतर व दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडून ब्रशने धूळ काढावी.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. तेथील उपकरणांना लागणारी स्थिरता व घरगुती सर्व्हर यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु कंप, उष्णता व वीज हे तीन विषय दोन्हीकडे सारखेच आहेत.

खरेदी

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही राज्यातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. बाळापूरसारख्या गावाला नांदेड जवळ; तरी नॅससाठीच्या डिस्क बहुधा ऑनलाइन मागवाव्या लागतात. बदली डिस्क येण्यास दिवस लागत असतील तर एक जादा डिस्क आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे. दोन डिस्क एकाच खोक्यातील, एकाच दिवशी बनलेल्या असू नयेत, कारण त्यांच्यातील समान दोष एकाच सुमारास उमटतो.

जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले; त्यांची स्मार्टमधील चालू तासांची नोंद शून्य केलेली होती. उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून हमीची तारीख पडताळणे हा खरेदीदाराच्या हातातील साधा उपाय आहे. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. अतिस्वस्त पेन ड्राइव्ह व एसएसडी यांची खोटी क्षमता ‘एफ३’सारख्या प्रोग्रामाने उघडी पडते. नवी डिस्क आल्यावर तिच्यावर मजकूर ठेवण्यापूर्वी पूर्ण लिहून-वाचून तपासावी; ४ टेराबाइटांच्या डिस्कला त्यासाठी साधारण १५ तास लागतात. ही चाचणी परत करण्याची मुदत संपण्याआधी उरकावी.

दूरून वापर व सुरक्षितता

अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. ही अडचण पुष्कळदा संरक्षणच ठरते. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या साठवण उपकरणांतील मजकूर जगभर दूरूनच पुसला गेला. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ने आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅपच्या खोक्यांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. बाहेरून वापर हवाच असेल तर राऊटरवरील दार उघडण्याऐवजी व्हीपीएन वापरावे आणि बॅकअपची डिस्क काम झाल्यावर उपसून ठेवावी.

जुन्या डिस्क भंगारात देण्यापूर्वी मजकूर पुसणे आवश्यक असते. हार्ड डिस्क एकदा पूर्णपणे शून्यांनी भरली तरी पुरते. एसएसडीसाठी उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी लागते, कारण तिच्यातील राखीव भाग साध्या लेखनाने झाकला जात नाही. बंद पडलेली डिस्क पुसता येत नसल्यास तबकडीला भोके पाडली जातात. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे.